विजयदुर्गचे ओटे, एक हिरवी रेषा आणि क्ष-किरणांचं आकाश

देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला, असं सांगितलं जातं, आणि त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण फ्रान्सच्या जान्सन यांनी गुंटूरहून पाहिलं. लॉकियरना सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेषा दिसली २० ऑक्टोबरला, तीही ग्रहण नसताना.

लॉकियर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचा हा खरा वाटा कमी सांगितला जातो, याचं वाईट वाटतं. कारण त्या ग्रहणात जे टिपायचं होतं, ती सूर्याची प्रभा म्हणजे करोना, त्याच्याभोवतीचं विरळ तेजोवलय. आणि क्ष-किरण खगोलशास्त्राची वाट तिथूनच सुरू होते.

जानेवारीत कोकणचं आकाश कोरडं असतं. ऑगस्टात निरभ्र आकाशाची खात्री देता येत नाही. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. दुर्बीण हलली की फोटोची प्लेट वाया, म्हणून पक्का ओटा हवा. ‘मेल्पोमेने’ युद्धनौकेवरच्या खलाशांना आधी तालीम देऊन मदतीला घेतलं होतं. मुख्य हत्यार होतं भिंगापुढे लोलक बसवलेला कॅमेरा. त्यात नेहमीच्या वर्णपटमापकासारखी फट नसते, त्यामुळे प्रभेच्या प्रत्येक रंगाचं वेगळं कडं उमटतं: कोणता वायू सूर्याभोवती कुठवर पसरला आहे, ते एकाच प्लेटवर कळतं.

प्रभेतली हिरवी रेषा १८६९च्या अमेरिकेतल्या ग्रहणात सापडली होती, पण तिची जागा ५३१.७ नॅनोमीटर धरली गेली होती. १८९८च्या फोटोंवरून ती ५३०.३ला असल्याचं स्पष्ट झालं. फरक दीड नॅनोमीटरचाही नाही. पण जागाच चुकली तर रेषा कोणत्या अणूची हे कधीच जुळत नाही. पिवळ्या रेषेतून हेलियम निघाला, तसं हिरवीतून ‘कोरोनियम’ निघेल अशी आशा होती. तो काही सापडला नाही. १९४०च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी कोडं सोडवलं: ही रेषा लोखंडाची, पण २६पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. प्रयोगशाळेत ती दिसत नाही, कारण दाट वायूत असा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, प्रकाश सोडण्याआधीच दुसऱ्याला धडकून ऊर्जा देऊन टाकतो. प्रभा इतकी विरळ आहे की त्याला पुरेसा वेळ मिळतो.

इतके इलेक्ट्रॉन निघायला तापमान दहा-वीस लाख अंश लागतं. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम ५,८०० केल्विन. पंधरा लाख अंशांच्या वायूचा प्रकाश मुख्यतः दोन-एक नॅनोमीटरला, म्हणजे क्ष-किरणांत पडतो. मग तो विजयदुर्गावर का दिसला नाही? प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो हवा आहे, आणि एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा क्ष-किरण समुद्रसपाटीच्या हवेत काही मिलिमीटरमध्येच संपतो. वर जाण्यावाचून इलाज नव्हता. १९४९मध्ये अमेरिकेत फ्रीडमन यांच्या गटाने व्ही-२ रॉकेटवर किरण मोजणाऱ्या गायगर नळ्या पाठवून सूर्याचे क्ष-किरण मोजले.

सूर्य इतका जवळ असूनही क्ष-किरणांत मंद, तेव्हा दूरचे तारे दिसणारच नाहीत, असा हिशेब होता. म्हणून १८ जून १९६२ला जियाकोनी यांच्या गटाचं रॉकेट उडालं ते चंद्रावरून येणारे क्ष-किरण पाहायला. सापडला मात्र वृश्चिक राशीतला झगमगता स्रोत, स्कॉर्पियस एक्स-१. तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिदाट गाभा आहे, शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेणारा. उन्हाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरून ज्येष्ठा दिसते, तिच्याच वरच्या बाजूला तो आहे, पण डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. १९७०मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या उहुरू उपग्रहाने असे ३३९ स्रोत नोंदवले. क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांचे स्फोट तर अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या वेला उपग्रहांना २ जुलै १९६७ला अचानक दिसले; ते जाहीर व्हायला १९७३ उजाडलं.

भारताचा खगोलीय उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ला गेला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंश कललेली ठेवली, कारण दक्षिण अटलांटिकवर भारित कणांचा गराडा आहे आणि त्यात शोधक आंधळे होतात. त्यावरच्या मोठ्या क्षेत्राच्या शोधकात दाबाखालचा झेनॉन वायू असतो. तीनपैकी एका संचातून वायू गळू लागला आणि पुढे तो बंद करावा लागला: दाब घटला की संवेदन बदलत जातं आणि जुनं कॅलिब्रेशन निरुपयोगी ठरतं. त्याच उपग्रहावरच्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइड कॅमेऱ्याचं मात्र उलट झालं. शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर त्याच्या कडेच्या भिंती पारदर्शक होतात. हीच उणीव वापरून त्याने गॅमा स्फोट बऱ्याच मोठ्या आकाशातून टिपले.

२ सप्टेंबर २०२३ला निघालेल्या आदित्य-एल१वर सूर्याच्या क्ष-किरणांसाठी दोन उपकरणं आहेत. त्याच यानावरच्या करोनाग्राफच्या, म्हणजे सूर्याची तबकडी झाकून प्रभा पाहणाऱ्या दुर्बिणीच्या, वर्णपटमापकाला पाहण्यासाठी जे तरंग दिले आहेत, त्यात एक आहे ५३०.३ नॅनोमीटर.