मानवेतर व्यक्ती

मानवेतर व्यक्ती : मानसशास्त्रीय मानवशास्त्रातील, म्हणजे संस्कृती आणि माणसाचे मन यांचा संबंध पाहणाऱ्या शाखेतील, एक संकल्पना. जे माणूस नाही, पण ज्याला मन आहे, इच्छा आहे, जे बोलू शकते आणि नाते पाळू शकते असे एखादा समाज धरून चालतो, त्या सर्वांसाठी हा शब्दप्रयोग अमेरिकन मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड अर्व्हिंग हॅलोवेल (१८९२–१९७४) यांनी रूढ केला. कॅनडातील विनिपेग सरोवराच्या पूर्वेला, बेरेन्स नदीकाठी राहणाऱ्या ओजिब्वे या आदिवासी लोकांमध्ये त्यांनी १९३०च्या दशकात अनेक उन्हाळे घालवले. संकल्पना त्या मुक्कामांतून उगवली, पण तिची पूर्ण मांडणी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ निबंधात आली. विषय होता ओजिब्वे लोकांचे सत्ताशास्त्र (जगात काय काय अस्तित्वात आहे याविषयीची धारणा), वर्तन आणि विश्वदृष्टी.

या निबंधातला दगडाचा प्रसंग अभ्यासकांच्या तोंडी कायम असतो. ओजिब्वे भाषेत नामांचे सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत. झाडे, सूर्य, चंद्र आणि मेघगर्जना हे सजीव वर्गात येतात, आणि दगड, किटली, चिलीम हेही त्याच वर्गात. हॅलोवेल यांनी एका वृद्धाला सरळ विचारले : आपल्या आजूबाजूला दिसणारे हे सगळे दगड जिवंत आहेत का? वृद्ध बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, ‘नाही. पण काही आहेत.’

या उत्तराचा अर्थ घाईने लावू नये. व्याकरणामुळे लोक दगडाला जिवंत समजतात, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मराठीत दगड ‘तो’ आणि शिळा ‘ती’ असते, म्हणून कोणी त्यांना पुरुष आणि स्त्री समजत नाही. आणि ‘आदिम’ माणसाला सजीव-निर्जीव हा भेदच कळत नाही, हा एकोणिसाव्या शतकातला समजही या उत्तरापुढे टिकत नाही. ‘काही आहेत’ म्हणणारा माणूस भेद करतोच आहे. हॅलोवेल यांच्या मते प्रश्न अनुभवाचा आहे : एखादा दगड हलला, बोलला किंवा त्याने उत्तर दिले, असे कोणी पाहिले आहे का? तसे घडण्याची शक्यता ओजिब्वे जगात आधीच बंद करून टाकलेली नसते. याच निबंधात दुसरा एक प्रसंग येतो. एका गोऱ्या व्यापाऱ्याला बटाट्याच्या वाफ्यात खणताना मोठा दगड सापडला. एका ओजिब्वे माणसाच्या विधिमंडपात असत तशा दगडासारखा तो दिसत होता, म्हणून व्यापाऱ्याने त्या माणसाला बोलावून घेतले आणि हा दगड तुझ्याच मंडपातला असावा, असे म्हटले. तो माणूस वाकला, दगडाशी हलक्या आवाजात बोलला आणि तू कधी माझ्या मंडपात होतास का, असे त्याने दगडालाच विचारले. दगडाने ‘नाही’ म्हटल्याचे त्याने सांगितले. दावा खरा की खोटा हे ठरवायचे होते, आणि साक्ष दगडाची घेतली गेली.

हॅलोवेल फिलाडेल्फियाचे. व्यापारशिक्षण घेऊन काही काळ त्यांनी समाजकार्य केले, मग ते मानवशास्त्राकडे वळले. फ्रँक स्पेक हे त्यांचे गुरू. फ्रान्झ बोआस यांच्या वर्गांनाही ते जात. उत्तर गोलार्धातील अस्वलपूजेच्या विधींवरील प्रबंधासाठी त्यांना १९२४ साली डॉक्टरेट मिळाली. मधली काही वर्षे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात काढली, एरवी त्यांचे सारे अध्यापन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाले. मेल्फर्ड स्पायरो आणि अँथनी वॉलेस ही त्यांच्या विद्यार्थ्यांतील दोन मोठी नावे. त्या काळात त्यांच्या अभ्यासशाखेला ‘संस्कृती आणि व्यक्तिमत्त्व’ असे म्हणत. एडवर्ड सपीर, रूथ बेनेडिक्ट, मार्गारेट मीड यांनी तिला आकार दिला होता. ‘मानसशास्त्रीय मानवशास्त्र’ हे नाव पुढे १९६१ साली फ्रान्सिस शू यांनी संपादित केलेल्या ग्रंथामुळे स्थिर झाले.

मानवेतर व्यक्तीची कल्पना नीट कळायची तर त्याआधीची ‘वर्तन-परिसर’ ही कल्पना हाती घ्यावी लागते. हा शब्द हॅलोवेल यांनी समष्टिवादी (गेस्टाल्ट, म्हणजे आकलन सुट्या तुकड्यांचे नसून समग्राचे असते असे मानणारे) मानसशास्त्रज्ञ कुर्ट कोफ्का यांच्याकडून घेतला. कोफ्का यांनी १९३५च्या आपल्या ग्रंथात एक जुनी जर्मन कथा वापरली आहे. हिवाळ्याच्या रात्री, बर्फाच्या वादळात एक घोडेस्वार पांढरे सपाट मैदान तुडवत एका खाणावळीपाशी पोहोचतो. दार उघडणारा त्याला विचारतो, कुठून आलास? स्वार मागे बोट दाखवतो. तू गोठलेल्या कॉन्स्टन्स सरोवरावरून आलास, हे ऐकताच स्वार जागीच मरून पडतो. भौगोलिक परिसर सरोवराचा होता, स्वाराचा वर्तन-परिसर मैदानाचा, आणि घोडा हाकताना त्याने मैदानावर हाकावा तसाच हाकला. कोफ्का यांना यातून एका माणसाच्या आकलनाविषयी बोलायचे होते. हॅलोवेल यांनी पुढचे पाऊल टाकले : वर्तन-परिसर एकट्या माणसाचा नसतो. भाषा, कथा, नात्यांचे शब्द, स्वप्नांचे अर्थ यांतून तो पिढ्यानपिढ्या हाती दिला जातो, आणि मूल त्यातच वाढते.

‘स्व आणि त्याचा वर्तन-परिसर’ या १९५४च्या निबंधात हे विवेचन आहे. पुढच्याच वर्षी ‘कल्चर अँड एक्स्पीरियन्स’ या लेखसंग्रहात ते समाविष्ट झाले. हॅलोवेल यांचा दावा दुहेरी आहे आणि तो दोन्ही बाजूंनी धरून ठेवला पाहिजे. स्वतःची जाणीव, म्हणजे ‘मी’ आणि ‘मी नव्हे’ असे वेगळे करता येणे, ही सर्वच मानवांची गरज आहे. तिच्याशिवाय नीती चालत नाही, कारण जबाबदारी घ्यायला कोणीतरी ‘मी’ लागतो. पण ‘मी’ची हद्द कुठे संपते आणि समोरच्या कोणाला ‘तू’ म्हणायचे, हे संस्कृती शिकवते. त्यासाठी प्रत्येक संस्कृती माणसाला काही मूलभूत दिशा देते : स्वतःविषयी, वस्तूंविषयी, स्थळकाळाविषयी, प्रेरणांविषयी आणि नियमांविषयी. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ही पाच नावे पाठ करून उतरवलेली दिसतात, पण खरे मोल त्यांच्यामागच्या प्रश्नाला आहे. बाहेरून पाहणारा ज्याला ‘श्रद्धा’ म्हणतो, ते आत राहणाऱ्याला रोजच्या जगण्यात कसे जाणवते?

त्याचे उत्तर मेघगर्जनेच्या उदाहरणात सर्वांत स्वच्छ मिळते. एका वादळी दुपारी एक ओजिब्वे माणूस एका वृद्ध जोडप्याच्या तंबूत बसला होता. एकामागून एक गडगडाट होत होते. एकाएकी म्हातारा बायकोकडे वळून म्हणाला, ‘काय म्हटलं, ऐकलंस का?’ ती म्हणाली, ‘नाही, मला नीट ऐकू आलं नाही.’ एवढाच संवाद. यात भय नाही, भक्तीचा आविर्भाव नाही. शेजारच्या खोलीतून कोणी काही बोलले आणि शब्द निसटले, तर घरात जे बोलणे होते तेच हे आहे. हॅलोवेल यांच्या साऱ्या लेखनातून एकच उतारा निवडायचा झाला तर हाच निवडावा. मेघपक्षी, म्हणजे गडगडाट ज्यांचा आवाज मानला जातो ते पक्षी, बोलतात यावर ते दोघे ‘विश्वास ठेवतात’ असे म्हणणेही इथे तोकडे पडते. बोलणारा कोणीतरी आहे हे गृहीतच आहे. फक्त तो काय बोलला, ते कळायचे राहिले.

मेघपक्ष्यांची कल्पना हवेतून आलेली नाही, हेही हॅलोवेल यांनी दाखवले. त्या प्रदेशात गडगडाट एप्रिलमध्ये सुरू होतो, जुलैत सर्वाधिक असतो आणि ऑक्टोबरपर्यंत थांबतो. स्थलांतर करणारे पक्षीही याच सुमारास येतात आणि दक्षिणेकडे परततात. निरीक्षण अचूक आहे, त्याची मांडणी वेगळी आहे. पुरावा तपासण्याची रीतही तिथे होतीच. बारा वर्षांच्या एका मुलाने वादळात तंबूबाहेर धाव घेतली आणि खडकावर एक अनोळखी पक्षी पाहिला. आईवडिलांना बोलावून आणेपर्यंत तो नाहीसा झाला. मेघपक्षी सहसा कोणाला दिसत नाहीत, त्यामुळे मोठ्यांनी मुलाच्या म्हणण्यावर लगेच भरवसा ठेवला नाही. ज्याने मेघपक्षी स्वप्नात पाहिला होता अशा एका माणसाने मुलाचे वर्णन जुळते असे सांगितले, तेव्हा प्रकरण मिटले. स्वप्न इथे कल्पनाविलास ठरत नाही. मानवेतर व्यक्तींशी समोरासमोर भेट होण्याची ती जागा आहे, आणि अनुभव म्हणून ते जागेपणीच्या अनुभवाइतकेच मोजले जाते.

या व्यक्तींना ओजिब्वे ‘आमचे आजोबा’ म्हणत. हा शब्द नात्यातलाच, तोच रक्ताच्या आजोबांसाठीही. थंडीच्या लांब रात्री ज्या पवित्र कथा सांगायच्या, त्यांतली पात्रे हीच. त्या कथांचे नाव आणि पात्रांचे नाव एकच, त्यामुळे कथा सांगणे म्हणजे त्यांना बोलावणेच होते. बाह्य रूपावरून व्यक्ती ठरत नाही. मेघपक्षी माणसाच्या रूपात येऊ शकतो, सामर्थ्यवान माणूस अस्वल होऊन फिरू शकतो. म्हणून ‘अलौकिक’ हा शब्द इथे वापरू नये, असे हॅलोवेल आग्रहाने सांगतात. निसर्गाचे स्वयंचलित नियम असे काही मानलेलेच नसेल, तर निसर्गाच्या ‘पलीकडचे’ काय उरते? सूर्य रोज उगवतो तो एका व्यक्तीच्या वागण्यासारखा, आणि त्याला फासात पकडल्याची कथा म्हणूनच अर्थपूर्ण होते.

नीतीही येथूनच सुरू होते. दीर्घायुष्य, आरोग्य, अडचणींपासून मोकळीक असे भरलेले जगणे, ओजिब्वे भाषेत ‘बिमादिझिविन’, एकट्याच्या हिमतीवर मिळत नाही. आजोबांची मदत लागते, आणि मदत घेतली की बंधने येतात. मारलेल्या प्राण्याशी कसे वागायचे, लोभ कुठे आवरायचा, साठवण किती करायची, याची उत्तरे त्या नात्यात असतात. परस्परांचे देणेघेणे माणसांपुरते थांबत नाही, हा या संकल्पनेचा सर्वांत खोल धागा आहे. महाविद्यालयीन लेखनात तोच बहुधा सुटतो.

हॅलोवेल यांचे सगळेच काम या तोलाचे नाही. हर्मन रॉर्शाक यांची शाईडागांची चाचणी, म्हणजे दहा पत्रके दाखवून ‘हे काय दिसते’ असे विचारायचे, ती त्यांनी ओजिब्वे लोकांवर मोठ्या प्रमाणात वापरली. नदीच्या वरच्या अंगाचे एकांतवासी गट, सरोवराकाठचे गट आणि विस्कॉन्सिनमधील लाक द्यू फ्लॅम्बो येथील लोक यांची तुलना करून, गोऱ्या समाजाच्या संपर्काने व्यक्तिमत्त्वाचा गाभा कितपत बदलतो, हे त्यांना पाहायचे होते. पण उत्तरांचा अर्थ लावण्याचे निकष दुसऱ्याच समाजांतून आले होते. ज्या माणसाने प्रत्येक समाजाचा वर्तन-परिसर वेगळा असतो हे शिकवले, त्यानेच एकाच मापपट्टीने तीन गट मोजावेत, ही विसंगती खटकते. त्या निष्कर्षांवर आज कोणी फारसे उभे राहत नाही. शिवाय वसाहतीची सत्ता, करार, मिशनऱ्यांचे दडपण या गोष्टी त्यांच्या लेखनात ‘संपर्क’ या सौम्य शब्दाखाली दबून जातात.

विल्यम बेरेन्स यांचा उल्लेख केल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. ते बेरेन्स नदीच्या लोकांचे प्रमुख होते. त्यांचे वडील जेकब बेरेन्स यांनी १८७५ साली ब्रिटिश राजसत्तेबरोबरच्या पाचव्या करारावर सही केली होती. हॅलोवेल यांना नदीतून वर, लिटल ग्रँड रॅपिड्स आणि पिकांगिकमपर्यंत त्यांनीच नेले. दुभाषा, वाटाड्या आणि कथा सांगणारा या तिन्ही भूमिका त्यांनी निभावल्या. वर आलेल्या प्रसंगांपर्यंत पोहोचण्याची वाट बेरेन्स यांच्यामुळे मोकळी झाली, म्हणून संकल्पनेचे श्रेय एकट्या प्राध्यापकाच्या नावावर टाकणे योग्य नाही.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हॅलोवेल यांचे नाव मागे पडले. नंतर सर्वात्मवादाचा (प्राणी, झाडे, वस्तू यांतही आत्मा असतो या धारणेचा) नव्याने विचार सुरू झाला, तेव्हा ते पुन्हा पुढे आले. नुरित बर्ड-डेव्हिड यांनी दक्षिण भारतातील नायक या वनवासी लोकांवरील १९९९च्या लेखात हॅलोवेल यांच्यापासून सुरुवात केली आणि व्यक्तित्व हे नात्यातून घडते असे मांडले. टिम इंगोल्ड यांनी २००० साली ओजिब्वे साहित्याचे सविस्तर पुनर्वाचन केले. आता पर्यावरणविषयक चर्चेत ‘मानवेतर’ हा शब्द नदी, जंगल, यंत्र अशा कशालाही लावतात. हॅलोवेल यांच्याकडे त्याला नेमका अर्थ होता : ज्याच्याशी बोलता येते आणि ज्याचे आपण देणे लागतो, तोच.

लेखनाची तयारी करणाऱ्याने नावांकडे लक्ष ठेवावे. हॅलोवेल यांच्या जुन्या लेखांत ‘सोल्टो’ असे नाव येते, ते याच लोकांचे. आज ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. वाचायला १९६०च्या निबंधाने सुरुवात करावी, मग मागे १९५४कडे जावे. उलट क्रमाने गेले तर पाच दिशांच्या चौकटीत दगड आणि मेघपक्षी हरवतात. ओजिब्वे लोकांवरील त्यांचे निबंध जेनिफर ब्राउन आणि सुसान ग्रे यांनी २०१० साली एकत्र आणले. त्याआधी एक वर्ष, २००९ मध्ये, याच दोघींनी विल्यम बेरेन्स यांनी हॅलोवेल यांना सांगितलेल्या आठवणी, कथा आणि स्वप्ने बेरेन्स यांच्या नावाने प्रसिद्ध केली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की सांगणाऱ्याचा आवाज कुठे थांबतो आणि विश्लेषकाचा कुठे सुरू होतो, ते पानोपानी दिसते.