पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम म्हणजे कॅन्सरच? नाही हो!

आपल्या जळगाव-धुळ्याकडे कोणाच्या रिपोर्टमध्ये ‘पोर्सेलिन गॉलब्लॅडर’ (म्हणजे भिंतीत कॅल्शियम साचून कडक झालेलं पित्ताशय) आलं की घरात रडारड सुरू, कारण वर्षानुवर्षं हेच ऐकलंय की भिंतीत कॅल्शियम साचलं म्हणजे कॅन्सर ठरलेलाच. जुन्या अभ्यासांत धोका 60 टक्क्यांपर्यंत दाखवलेला, भीती तिथून आली. 2001 नंतरच्या अभ्यासांत तो खूपच कमी, साधारण 6 टक्क्यांच्या आसपास निघाला. शून्य नाही, हे पण खरं. सोनोग्राफीत खडे आणि कडक भिंत सारखेच दिसू शकतात, म्हणून सीटी स्कॅन करून खात्री करावी. पोट दुखत असेल किंवा कॅल्शियम तुटक-तुटक असेल तर शक्यतो दुर्बिणीतून पित्ताशय काढतात, वय जास्त आणि त्रास काहीच नाही तर सर्जन नुसतं लक्ष ठेवायलाही सांगतात. आणि काढा पिऊन हे विरघळत नाही, त्यात महिने घालवू नका प्लीज.