मायट्रल झडप बदलल्यावर फाटलेले हृदय : आतून शिवायचे की बाहेरून?

नागपुरात मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) बदलून घ्यायला येणारा रुग्ण बहुतेकदा ऱ्हुमॅटिक तापाचा, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येऊन झडपा खराब करणाऱ्या तापाचा, जुना रुग्ण असतो. तो गोंदिया-गडचिरोलीकडचा असतो, नाहीतर सीमेपलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याचा. लहानपणी घसा धरला, सांधे सुजले, दर 21 दिवसांनी घ्यायचे पेनिसिलीनचे इंजेक्शन मध्येच सुटले आणि तिशीत जिना चढताना धाप लागायला लागली. या शस्त्रक्रियेतली एक गुंतागुंत क्वचित होते, पण झाली की टीम हादरते. नवी झडप बसते, तोवर हृदय-फुप्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन बंद होते, प्रेशर चढते आणि हृदयाच्या मागून लाल रक्त उसळू लागते. डाव्या खालच्या कप्प्याची मागची भिंत फाटलेली असते. जगभरच्या नोंदींत हे प्रमाण साधारण 0.5 ते 2 टक्के आहे, आणि ज्यांच्या बाबतीत हे घडते त्यांतले निम्म्याहून अधिक दगावतात.

मायट्रलच्या जागी कृत्रिम झडप यशस्वीपणे बसली ती 1960 मध्ये, पिंजऱ्यात चेंडू असलेली. भिंत फाटण्याची पहिली नोंद 1967 ची. 1974 मध्ये जागेवरून दोन प्रकार पाडले गेले : पहिला प्रकार वरचा आणि खालचा कप्पा जिथे मिळतात त्या खाचेत, दुसरा पॅपिलरी स्नायूच्या (झडपेची पाती दोऱ्यांनी धरून ठेवणाऱ्या, खालच्या कप्प्यातल्या स्नायूच्या) बुडाशी. 1979 मध्ये या दोहोंच्या मधल्या पट्ट्याला तिसरा प्रकार म्हटले गेले. पुढची सगळी चर्चा याच तीन खणांत झाली.

सुरुवातीला दोष शल्यविशारदाच्या हाताला दिला जाई. झडप ज्यात बसते त्या कड्यावरचा चुना (साचलेले कॅल्शियम) फार खरवडला, टाका खोल गेला, मापापेक्षा मोठी झडप कोंबली, किंवा झडप बसल्यावर हवा काढण्यासाठी हृदयाचे टोक उचलले आणि झडपेची कडक कड भिंतीत रुतली. ही कारणे आजही खरी आहेत. पण 1980 च्या सुमारास वेगळा विचार पुढे आला. झडपेची पाती आणि त्यांच्या दोऱ्या कापून टाकल्या की पॅपिलरी स्नायू आणि कडे यांच्यातला ताण सुटतो. आधार गेलेली मधली भिंत प्रत्येक ठोक्याला ताणली जाते आणि आडवी फाटते. गंमत म्हणजे दोऱ्या राखाव्यात हे 1964 मध्येच सांगून झाले होते. पुढची सतरा-अठरा वर्षे ते बाजूला पडले आणि 1980 च्या दशकात परतले, तेही मुख्यतः हृदयाची ताकद टिकते या कारणाने.

आपल्याकडे ते रुजायला वेळ लागला, आणि त्याचा सगळा दोष शल्यविशारदांना देणे बरोबर नाही. ऱ्हुमॅटिक झडपेत दोऱ्या जाड होऊन एकमेकींना चिकटलेल्या असतात. राखायचे म्हटले तरी राखण्यासारखे फार उरत नाही. डिसेंबर 1990 मध्ये तिरुवनंतपुरमला बनलेली स्वदेशी झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि परदेशी झडपेला स्वस्त पर्याय मिळाला. तिची चकती कलून उघडते. मागे ठेवलेले पात्याचे टोक त्या चकतीत अडकेल ही भीती खरी होती. त्यात फुग्याने झडप रुंद करण्याची सोय 1984 नंतर पसरत गेली. मऊ झडपेचे रुग्ण तिकडे वळले आणि टेबलावर उरले ते चुना साचलेल्या, आतून लहान झालेल्या हृदयाचे. भिंत फाटण्याचा धोका यांनाच जास्त.

फाटल्यावर काय करायचे, हा वाद अजून मिटलेला नाही. बाहेरून दुरुस्ती म्हणजे फेल्टच्या (जाड नमद्यासारख्या कापडाच्या) पट्ट्या दोन्ही बाजूंना ठेवून खोल टाके घ्यायचे. वेळ वाचतो, नुकतीच बसवलेली झडप काढावी लागत नाही. पण टाके भिजलेल्या पोळीत घातल्यासारखे सुटत जातात. खाचेतून सर्कमफ्लेक्स धमनी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांपैकी एक) जाते, ती टाक्यात सापडली की भिंतीचा रक्तपुरवठाच तुटतो. शिवाय आतले तोंड उघडेच राहते. पूर्ण दाबाचे रक्त भिंतीत शिरत राहते आणि टाक्याच्या शेजारी नवी वाट काढते.

आतून दुरुस्ती म्हणजे रुग्णाला पुन्हा मशीनवर घ्यायचे, महाधमनीला क्लॅम्प लावून हृदय थांबवायचे, नवी झडप उपसून काढायची. मग पेरिकार्डियमचा (हृदयावरच्या आवरणाचा) तुकडा खालच्या कप्प्याच्या धडधाकट अस्तरापासून वरच्या कप्प्याच्या भिंतीपर्यंत शिवून भेग झाकायची आणि त्याच तुकड्यावर झडप परत बसवायची. दीड-दोन तास वाढतात, आणि आधीच थकलेले हृदय दुसऱ्यांदा उपाशी राहते. तरीही खाचेतल्या फाटीला हाच मार्ग सरस वाटतो, कारण दाब जिथून येतो तिथेच तो अडवला जातो. बाहेरून जैविक गोंद आणि पॅच चिकटवून निभावल्याचे वृत्तांतही आहेत. पण वाचलेल्या रुग्णाचा वृत्तांत लिहिला जातो, न वाचलेल्याचा सहसा नाही, हे ते वाचताना लक्षात ठेवावे.

एका मुद्द्यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे : धडधडणारे, भरलेले हृदय उचलून मागे डोकावायचे नाही. आधी मशीन, मग हृदय रिकामे, मग बघणे. दोन बोटांची फाट चार बोटांची होते ती बहुधा या उचलण्यातच. वरिष्ठ ज्युनिअरला पोटतिडकीने शिकवतात ते हेच. आणि तेवढ्यात बाहेर नातेवाइकांना रक्ताच्या आणखी पिशव्यांसाठी पिटाळलेले असते.

उशिरा फाटण्याचा प्रकार निराळा. भेग चिकटलेल्या आवरणाने झाकली जाते आणि आठवड्यांनी, कधी वर्षांनी, मागच्या भिंतीला खोटा फुगा (भेगेतून बाहेर आलेल्या, फक्त आवरणाने अडवलेल्या रक्ताचा) दिसतो. तो फुटण्याआधी सापडला तर शस्त्रक्रिया शांतपणे आखता येते आणि निकालही बरे येतात. यांत्रिक झडपेचा रुग्ण रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीसाठी पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी) तपासत राहतोच. गावाकडून त्यासाठी नागपूरला आलेल्याची इको (हृदयाची सोनोग्राफी) त्याच फेरीत करून घेतली, तर हा फुगा वेळेत दिसण्याची शक्यता वाढते. इको करणाऱ्याला मागची भिंत मुद्दाम बघायला सांगावे लागते, कारण तिथे झडपेच्या धातूची सावली पडते.