मामांची होडी, नाथसागरचा वारा आणि पंचवीस किलोची मोटार

आमच्याकडं मोटार म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती एचपीची? विहिरीवर तीनची, बोअरला पाचची, आणि कुणाकडं साडेसातची असली तर गावात त्याचं वजनच वेगळं. त्यामुळं पैठणच्या मामांनी जाळं टाकायच्या होडीला बॅटरीवरची ट्रोलिंग मोटार (होडीला मागं लावायची, पाण्यात पंखा फिरवणारी छोटी मोटार) बसवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी पण हेच विचारलं, आणि मी म्हणलं की मामा, पुरती एक एचपी पण भरत नाही, तर पलीकडं फोनवर एकदम शांतता.

पण ह्या मोटारी एचपीवर विकतच नाहीत, विकतात थ्रस्टवर, म्हणजे पाण्यात ढकलायचा जोर, आणि तोही पौंडात. होडी दोरीनं खुंटीला बांधायची, दोरीत स्प्रिंगचा वजनकाटा अडकवायचा आणि मोटार फुल सोडायची, काटा जे दाखवेल तो थ्रस्ट. 55 पौंडाची मोटार म्हणजे साधारण 25 किलोचा ओढा. ट्रॅक्टर लो गिअरला टाकला की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो पण पळत नाही ना, तसंच हे.

आणि इथंच बरेच जण फसतात, मोठी मोटार घेतली की होडी पळेल असं वाटतं. नाही पळत. टॉप स्पीड ठरतो पंख्याच्या पात्यांच्या पिळावर आणि फेऱ्यांवर, ह्या मोटारी ताशी सात-आठ किलोमीटरच्या वर सहसा जातच नाहीत, मग 45 पौंडाची घ्या नाहीतर 80 ची. त्यात वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो आणि पॉवर लागते आठपट.

मग किती घ्यायची? मच्छीमारांचा ठोकताळा असा की एकूण वजनाच्या दोन टक्के जोर पाहिजे. मामांची फायबरची होडी 110 किलो धरा, मामा आणि त्यांचा पोरगा मिळून 140, बॅटरी 60, जाळं, बर्फाचा डबा आणि नशीब चांगलं असलं तर रोहू-कटला मिळून 70. झाले 380 किलो, त्याचे दोन टक्के साडेसात किलो, म्हणजे 17 पौंड. मामा लगेच म्हणले, मग 30 ची बास की, पैसे वाचले.

वारा राहिला ना मामा.

नाथसागर म्हणजे काय गावतळं नाही, जायकवाडीचं पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरला पसरलंय आणि मधे अडवायला झाड ना डोंगर. होडी आणि त्यात बसलेली माणसं मिळून वाऱ्यासमोर दोन चौरस मीटरचा आडोसा तयार होतो. ताशी 15 किलोमीटरचा वारा असला तर तो साधारण दोन किलोनं ढकलतो, पण 30 चा झाला की दुप्पट नाही, चौपट, साडेआठ किलो म्हणजे 19 पौंड. 17 आणि 19 झाले 36, वर लाटांचा मार, आणि होडी चालू लागली की मोटारीचा जोर काट्यावर दिसतो तेवढा राहत नाही हे पण धरा. म्हणून मी 55 ची सांगितली. छोट्या पाझर तलावावर 30 ची खुशाल घ्या, तिथं उगं पैसे घालवू नका.

आता बॅटरी, खरं दुखणं इथंच आहे. 55 ची मोटार फुल सोडली की 12 व्होल्टवर जवळपास 50 अँपिअर खाते, म्हणजे 600 वॅट. मामांचा हिशोब सरळ होता, घरातली इन्व्हर्टरची 150 एएचची (एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरी उचलायची, 150 भागिले 50, तीन तास. कागदावर बरोबर, पण ते 150 कंपनी मोजते वीस तासांत सावकाश, साडेसात अँपिअरनं काढल्यावर. घाईनं ओरबाडलं की लेड-अॅसिड बॅटरी कमी देते, पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसानं 1897 मधेच हे मांडून ठेवलंय. तीनचे दोनच तास धरा, आणि पार तळापर्यंत उतरवली तर ती लवकर मरते म्हणून खरा भरवसा एकाच तासाचा. गाडीची बॅटरी तर लावूच नका, ती दोन सेकंद सेल्फ मारायला बनवलेली असते. (गंमत म्हणजे ही मोटार जन्मली सेल्फमधूनच, 1934 ला अमेरिकेत फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए चा स्टार्टर काढून त्याला पंखा जोडला. आपल्याकडं ह्याला जुगाड म्हणतात.) लिथियमची 100 एएचची बारा-तेरा किलोत बसते आणि जवळपास पूर्ण वापरता येते, फक्त किंमत ऐकून बसावं लागतं.

अर्ध्या स्पीडवर चालवलं की बॅटरी कितीतरी जास्त पुरते, पण त्यासाठी रेग्युलेटर पल्सवाला पाहिजे, जो करंट तोडून तोडून देतो. पाच स्टेपच्या स्वस्त मोटारीत कमी स्पीडला उरलेली वीज नुसती उष्णता होऊन जाते.

वायरचं मामांनी ऐकलं नाही. घरातली अडीच स्क्वेअर एमएमची वायर लावली, जाऊन-येऊन चार मीटर, त्यातच दीड व्होल्ट खाल्ले गेले आणि वायर हाताला चटका देऊ लागली. आता 16 ची टाकलीय, बॅटरीजवळ 60 अँपिअरचा ब्रेकर बसवलाय, आणि 60 किलोचं ते धूड मागून उचलून पुढच्या टोकाला ठेवलंय, कारण मोटार, मामा आणि बॅटरी तिन्ही मागं असल्यावर होडीचं नाक आभाळाकडं जात होतं आणि वारा त्यालाच धरून होडी फिरवत होता. वल्हं अजून होडीतच असतं, जलपर्णी पंख्यात गुंतली की तेच कामाला येतं.