जवळा आणि कोळंबीची पिल्ले: हौशी मासेमाराने ओळखायचा फरक

पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर-श्रीवर्धनकडे किंवा वरंध्यातून महाडमार्गे दापोली-हर्णैकडे जाणाऱ्यांपैकी काही हौशी मंडळी गळाच्या जोडीला लहानसा पागही, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, गाडीत टाकून नेतात. ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभे राहून बारीक आसाचा, म्हणजे बारीक छिद्रांचा, पाग फेकला की त्यात दोन-तीन सेंटिमीटरची, काचेसारखी पारदर्शक, उड्या मारणारी रास येते आणि ‘जवळा मिळाला’ म्हणून ती पिशवीत भरली जाते. पुष्कळदा तो जवळा नसून कोळंबीची पिल्ले असतात. दिसायला सारख्या वाटणाऱ्या या दोन गोष्टींचा निसर्गातला हिशेब अगदी वेगळा आहे आणि मासेमारीचे नियम नीट समजून घ्यायचे असतील तर हा हिशेब आधी कळायला हवा.

जवळा ही स्वतंत्र जात आहे. आपल्या किनाऱ्यावरचा नेहमीचा जवळा पूर्ण वाढला तरी साधारण चार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. त्याचे आयुष्य काही महिन्यांचेच असते आणि तेवढ्यात तो अंडीही घालून मोकळा होतो. म्हणजे ताटलीत दिसणारा एवढासा जवळा हा प्रौढ प्राणी असतो. त्याच मापाची कोळंबी मात्र बाल्यावस्थेत असते. मोठ्या जातीच्या कोळंबीची मादी समुद्रात एका वेळी काही लाख अंडी सोडते. ती एका दिवसाच्या आत फुटतात, त्यातून निघालेले सूक्ष्म जीव दोन-तीन आठवड्यांत अनेक रूपे पालटतात आणि सुमारे सेंटिमीटरभर लांबीचे झाले की भरतीबरोबर खाडीत शिरतात. खारफुटीच्या मुळांमध्ये, चिखलात, मचूळ पाण्यात ती काही महिने वाढतात आणि मग अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्राकडे निघतात. सगळ्याच कोळंब्या असे करतात असे नाही, काही जातींचे सारे आयुष्य समुद्रातच जाते. पण खाडीच्या उथळ पाण्यात हौशी माणसाच्या पागात सापडणारी बारीक कोळंबी बहुधा या वाटेवरचीच असते.

ओळखायची खूण पायांत आहे. पकडलेल्यांपैकी एक-दोन नग पांढऱ्या ताटलीत थोड्या खाडीच्याच पाण्यात ठेवावेत आणि भिंगाने पाहावे. कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात व त्यांपैकी पुढच्या तीन जोड्यांच्या टोकांना बारीक चिमटे असतात. जवळ्याला चालण्याच्या पायांच्या तीनच जोड्या असतात, मागच्या दोन त्याला नसतातच, त्यामुळे छातीचा मागचा भाग उघडा, ओकाबोका दिसतो. पोटाखाली वल्ह्यांसारखे हलणारे पोहण्याचे पाय दोघांनाही असतात, ते या मोजणीत धरू नयेत, नाहीतर गोंधळ ठरलेलाच. दुसरी खूण डोक्यावरच्या काट्याची. कोळंबीच्या पिल्लालाही डोळ्यांच्या वरून पुढे आलेला करवतीसारखा दातेरी काटा स्पष्ट दिसतो, तर जवळ्याचा काटा इतका आखूड असतो की तो नाहीच असे वाटावे. जवळ्याच्या शेपटीच्या पंख्यावर तांबडे ठिपके असतात आणि त्याच्या मिशा अंगाच्या मानाने फारच लांब असतात. ही परीक्षा ताज्या मालावरच करावी. गणेश पेठेच्या मासळी बाजारातून आणलेल्या सुक्या जवळ्यात पाय मोडलेले असतात आणि मिशांचा भुगा झालेला असतो, तिथे भिंग घेऊन बसण्यात फारसा अर्थ नाही.

आता नियमांकडे. इथेही दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास गल्लत होते: एक नियम मासेमारी कधी करायची नाही हे सांगतो, दुसरा काय पकडायचे नाही हे सांगतो.

पहिला नियम पावसाळी बंदीचा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि राज्याचे क्षेत्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत आहे. त्यापलीकडचे पाणी केंद्राच्या अखत्यारीत येते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी २०१५ पासून दोन्ही क्षेत्रांत एकसारखी लागू करण्यात आली. त्याआधी महाराष्ट्रात ती नारळी पौर्णिमेशी बांधलेली असे. ही बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीतून सूट आहे. किनाऱ्यावर उभे राहून पाग टाकणारा माणूस या बंदीच्या कक्षेत येत नाही, आणि नेमकी इथेच समजुतीची चूक होते. बंदी आपल्याला लागू नाही म्हणजे जाळ्यात आलेले सगळे आपले, असा अर्थ त्यातून काढला जातो.

दुसरा नियम आकाराचा. राज्य शासनाने २०२३ मध्ये, केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून, ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवले. त्याहून लहान मासळी पकडू नये, हा त्याचा गाभा. पापलेटासाठी हे माप १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट राज्य मासाही झाला. अशी मापे त्या जातीची मादी पहिल्यांदा अंड्यावर येते त्या सुमाराच्या लांबीवरून ठरवतात आणि म्हणूनच प्रत्येक जातीचे माप वेगळे असते. हा नियम दोन महिन्यांपुरता नाही, तो बारमाही आहे. चिमुकला जवळा आणि तेवढेच कोळंबीचे पोर यांना एकच पट्टी लावता येत नाही ती याच कारणाने: पहिल्याच्या बाबतीत चार सेंटिमीटर ही वाढीची अखेर आहे, दुसऱ्याच्या बाबतीत ती सुरुवात आहे. कोळंबी मोजायची असेल तर डोक्यावरच्या काट्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, ती हळूच सरळ करून मोजावी. वाकलेल्या अवस्थेत माप नेहमी कमी भरते.

व्यवसायातले कोळी जवळा धरतात तो मुख्यतः डोल जाळ्याने, भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांवर किंवा नांगरावर ताणून बांधलेल्या लांब पिशवीसारख्या जाळ्याने. त्याचा शेवटचा भाग अगदी बारीक आसाचा असतो, कारण मालच बारीक असतो. तसाच बारीक आस हौशी पागाला कशाला हवा, हे मला आजवर उमगलेले नाही. खाडीतल्या पिल्लांना निसटायला वाट मिळेल इतका मोठा आस घेतला तर निवडीचे अर्धे काम जाळेच करते. उरलेले हाताने, पाण्यातच करावे. वाळूवर ओतून, फोटो काढून, मग परत सोडलेली पिल्ले जगतील याची खात्री धरू नये.

खारफुटीबाबत थोडक्यात सांगायचे तर पिल्ले तिथेच सर्वाधिक सापडतात आणि तिथेच जायचे टाळावे. सरकारी जमिनीवरील खारफुटीचे मोठे क्षेत्र राखीव वन आहे, तिथे वाट काढण्यासाठी फांदी तोडणेही महागात पडू शकते. मालवणच्या सागरी अभयारण्याला तर वन्यजीव कायदाच लागू होतो.

उजनी-पानशेतच्या पाण्याला यांतले काहीच जसेच्या तसे लागू होत नाही. धरणातल्या मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे गेलेले असतात, तेव्हा तिथे पहिला प्रश्न परवानगीचा येतो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याच्या अळ्यांनाही वाढायला मचूळ पाणी लागते आणि बांध आडवा आला की ती वाट तुटते. त्यामुळे धरणात सापडणारा असा झिंगा बहुधा कुणीतरी बीज विकत आणून सोडलेला असतो, आणि पाग टाकण्याआधी ते बीज कोणाचे, हे तिथल्या संस्थेकडे विचारून घ्यावे.