याकोबाचे सोंग: एका कथेच्या अंतर्मुख वाचनाची पार्श्वभूमी

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात दृष्टी गेलेला इसहाक अंगावर दाट केस असलेल्या थोरल्या मुलाला, एसावाला, आशीर्वाद देऊ पाहतो, तेव्हा त्याची पत्नी रिबका धाकट्या याकोबाच्या हातांवर व मानेवर करडांची कातडी चढवते आणि स्पर्शाने फसलेला बाप धाकट्यालाच आशीर्वाद देऊन बसतो. लबाडीने मिळालेला आशीर्वाद टिकतो कसा, या प्रश्नाने पुढच्या वाचकांना स्वस्थ बसू दिले नाही.

पहिल्या शतकात अलेक्झांड्रियातील ज्यू तत्त्वज्ञ फिलो याने याकोबाला सद्गुणाचा अभ्यास करणारा साधक मानले. तिसऱ्या शतकात त्याच शहरात घडलेल्या ख्रिस्ती विचारवंत ओरिजेनने शास्त्रवचनाला शरीर, जीव आणि आत्मा असे अर्थाचे तीन थर असल्याचे मांडले. मात्र इतिहास म्हणून खरे असलेले भाग निव्वळ आध्यात्मिक भागांहून कितीतरी अधिक आहेत, हेही त्यानेच लिहून ठेवले आणि त्याच्या टीकाकारांना नेमके तेच आठवत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टिनने याकोबाचे कृत्य असत्य नसून गूढ असल्याचे म्हटले: कातडी म्हणजे पापे आणि ती पांघरणारा म्हणजे दुसऱ्यांची पापे वाहणारा ख्रिस्त. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने रूपकांच्या या हव्यासावर कठोर टीका केली.

कल्पनाशक्तीची वाट निराळी होती. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या 1548 मध्ये छापलेल्या साधनाग्रंथात साधकाने येशूच्या जन्माचे चिंतन करताना नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता सपाट आहे की चढउताराचा, गुहा केवढी आहे, हे मनश्चक्षूंनी पाहायचे असते. येथे कथेचा अर्थ बदलत नाही, वाचक तिच्यात शिरतो.

बार्बाडोसमध्ये 1905 साली जन्मलेले आणि 1922 मध्ये न्यूयॉर्कला आलेले व्याख्याते नेव्हिल गोडार्ड यांच्या शिकवणीत या दोन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात. कल्पनाशक्तीला दैवी मानणारा कवी विल्यम ब्लेक त्यांना अत्यंत प्रिय होता. त्यांच्या मते इसहाक म्हणजे बाहेरच्या जगाकडे डोळे मिटलेली जाणीव, एसाव म्हणजे समोरची परिस्थिती आणि याकोब म्हणजे मनातील इच्छा. ती पूर्ण झाल्याची भावना इतकी स्पर्शगोचर करायची की जाणिवेने तिलाच खरे मानावे. बायबल हा इतिहास नसून मनोनाट्य आहे, असे त्यांनी सांगितले आणि ओरिजेनने राखलेली मर्यादा तेथे सुटली. या वाचनात याकोबाची लबाडी हीच साधना ठरते. पण मूळ अध्यायात आशीर्वाद हुकल्यावर एसाव हंबरडा फोडतो, आणि तो केवळ परिस्थितीचे प्रतीक असेल तर त्या आक्रोशाला काही अर्थच उरत नाही.