ऑनलाइन समुपदेशन: पडद्यापलीकडचा माणूस कोणाला उत्तरदायी?

२५ मार्च २०२० हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. केंद्र सरकारने ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ जाहीर केल्या त्याही त्याच दिवशी. रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या आदेशानंतर फोनवरून औषध सांगायला डॉक्टर कचरत होते. नव्या नियमावलीने त्यांचा मार्ग मोकळा केला. पेशंटची ओळख पटवणं, स्वतःचा नोंदणी क्रमांक दाखवणं, पेशंटची संमती घेणं, कोणती औषधं दूरभेटीत लिहायची आणि कोणती अजिबात नाहीत, हे सगळं तिथे नीट सांगितलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने पेशंटला स्वतःहून सल्ला द्यायचा नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

मात्र ही नियमावली नोंदणीकृत डॉक्टरांपुरती होती. त्यानंतरच्या महिन्यांत घरात कोंडलेली माणसं मोबाइलवर ‘थेरपिस्ट’ शोधू लागली, तेव्हा त्यांना सापडलेले बरेचसे लोक डॉक्टर नव्हते, समुपदेशक होते. आणि समुपदेशक कोणाला म्हणायचं, हे तेव्हा देशातला कोणताही कायदा सांगत नव्हता. ऑनलाइन समुपदेशन आपल्याला मानवेल का, या प्रश्नाच्या मुळाशी ही उणीव आहे, म्हणून ती कुठून आली ते पाहायला हवं.

आपल्या कायद्यांचं लक्ष आधी इमारतीकडे गेलं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं, चौथं येरवड्याचं. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘लुनसी’ म्हणजे वेडेपणा हा शब्द होता आणि त्याचा भर माणसाला आत ठेवण्याच्या रीतीवर होता. तो बदलणारा १९८७ चा कायदा १९९३ साली अमलात आला, पण त्याचाही बराचसा जीव रुग्णालयांच्या परवान्यांतच अडकलेला होता. ‘ठाण्याला पाठवू का?’ हे वाक्य घराघरांत चेष्टेने म्हटलं जाई, त्याचं मूळ इथे आहे. मनाच्या दुखण्याचा संबंध उंच भिंतीशीच जोडला गेला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ पासून इतर विभागांच्या शेजारी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला होता, पण असा दिलासा मोठ्या शहरांपुरताच राहिला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि पेशंटचे हक्क प्रथमच मध्यभागी आले. त्यात मनोविकारतज्ज्ञ आहेत, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) आहेत, मनोविकार क्षेत्रातल्या परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ते आहेत. परीक्षेच्या ताणाने झोप उडालेली मुलगी किंवा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं ज्याच्याकडे जातं तो समुपदेशक मात्र त्या व्याख्यांत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषद ठेवते. १९९२ च्या कायद्याने आलेली ही परिषद अपंगत्व-पुनर्वसनाच्या क्षेत्रातली, म्हणून इतर समुपदेशक तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

दुरून मन मोकळं करण्याची रीत मात्र मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूने आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली आणि त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. अमेरिकेत नेब्रास्काच्या मनोविकार संस्थेत १९५९ पासून दोन्ही बाजूंना एकमेकांना पाहता-ऐकता येईल अशा टेलिव्हिजनवर उपचाराचे प्रयोग झाले. १९६४ मध्ये ती संस्था ११२ मैलांवरच्या नॉरफोकच्या रुग्णालयाशी जोडली गेली. चेन्नईत आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ साली आली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ‘मैत्र’ ही फोनसेवा चालवली. या शहराची मनोरुग्णालयाशी जोडलेली ओळख बदलायला त्या संस्थेच्या कामाने फार मोठा हातभार लावला, असं मला मनापासून वाटतं.

याच ओघात कि. मो. फडके यांची आठवण काढायलाच हवी. अविवेकी विचार बदलून भावना सावरायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कमध्ये आणि तीच पद्धत अवलंबणारे फडके मुंबईत. दोघांमधला पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. ते समुपदेशन नव्हतं, पद्धतीवरची चर्चा आणि शिक्षण होतं. तरीही मनाच्या उपचाराचं सखोल काम पोस्टाच्या पाकिटातून होऊ शकतं, याचा हा मराठी माणसाने घालून दिलेला दाखला आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ सुरू केलं, तेव्हा फोनच्या जोडीला ईमेलवरचं समुपदेशनही होतं. बोलताना घसा दाटून येणाऱ्या माणसाला लिहिणं सोपं जातं, हे त्या रचनेत ओळखलेलं होतं.

या सगळ्या सेवांत एक गोष्ट समान होती: फोन उचलणाऱ्याच्या मागे संस्था होती, प्रशिक्षण होतं, आणि आज कोणता फोन जड गेला हे विचारणारं वरिष्ठ माणूस होतं. या देखरेखीचं मोल गोव्यात फार चांगलं दिसलं. ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकाराने तिथे सरकारी आरोग्य केंद्रं आणि खासगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी एक मोठा अभ्यास झाला. तो २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणाऱ्या स्थानिक पदवीधर स्त्रिया आरोग्यक्षेत्रातल्या नव्हत्या. त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ पाठीशी होते. सरकारी केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या आणि चिंतेच्या पेशंटना त्याचा ठळक फायदा झाला; खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. पदवी महत्त्वाची आहेच, पण तिच्याइतकीच पाठीशी उभी असलेली यंत्रणाही, हे मी या अभ्यासातून घेतो.

बाजारात उतरलेल्या अ‍ॅपांनी नेमकी हीच बाजू पेशंटच्या नजरेआड ठेवली. अमेरिकेत २०१२-१३ च्या सुमारास टॉकस्पेस, बेटरहेल्प अशा कंपन्या आल्या. प्रश्नावली भरा, थेरपिस्ट आम्ही देतो, हा त्यांचा साचा. २०२३ साली ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने बेटरहेल्पवर कारवाई केली. लोकांनी विश्वासाने भरलेली आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप होता आणि कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. नैराश्य आलंय, हे आईला न सांगितलेलं गुपित जाहिरातदाराकडे जावं, यापेक्षा मोठा विश्वासघात मला सुचत नाही.

आपल्याकडे कायदा उशिरा का होईना, हलला. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने पुनर्वास परिषदेबाहेरचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचे काही वर्ग प्रथमच एका व्यवसायाच्या चौकटीत आणले. त्याच कायद्याचा आधार घेऊन ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. माणसासमोर बसून शिकल्याशिवाय हे काम येत नाही, हा त्यामागचा विचार मला पटतो. एव्हाना सरकारची स्वतःची दूरसेवाही आली होती: १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ‘टेलि-मानस’, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मध्यवर्ती संस्था आहे.

तेव्हा आज थेरपिस्ट शोधणाऱ्याने पहिला प्रश्न माध्यमाचा करू नये. नैराश्य आणि चिंता यांवर व्हिडिओवरून दिलेल्या उपचारांचे निकाल प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास येतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. विचारायचं ते पलीकडच्या माणसाबद्दल. शिक्षण कुठे झालं, प्रत्यक्ष पेशंटबरोबरचं प्रशिक्षण कोणाच्या हाताखाली, आज अवघड केस आली तर कोणाशी चर्चा करता? स्वतःला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याचा पुनर्वास परिषदेचा क्रमांक मागावा आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावा. नोंदी कुठे ठेवता, अ‍ॅपची कंपनी त्या वाचू शकते का, हेही विचारावं. यात उद्धटपणा काही नाही. नीट शिकलेला माणूस या प्रश्नांची उत्तरं आनंदाने देतो.

माध्यमाचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि त्याचं उत्तर बरंचसं घरावर अवलंबून असतं. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई शेजारी बसलेल्या असताना नवऱ्याबद्दल काय बोलणार? घरात मारहाण होत असेल, फोन दुसरा कोणी तपासत असेल, तर ऑनलाइन भेट धोक्याचीही ठरू शकते. तिथे बाहेरची खोलीच हवी. भास होणं, स्वतःला इजा करण्याचा बेत मनात पक्का होत जाणं, लहान मुलाच्या वागण्यातला मोठा बदल, यांसाठी प्रत्यक्ष तपासणी लागते, आणि बहुधा आधी मनोविकारतज्ज्ञाची. उलट गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या गावातून दर आठवड्याला शहर गाठणं ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी पडदा हाच दवाखाना आहे. परदेशातल्या मराठी माणसांचं थोडं वेगळं. न्यू जर्सीत राहून पुण्याच्या समुपदेशकाशी मायबोलीत बोलता येतं, पण अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो आणि पेशंट ज्या राज्यात बसलेला आहे तिथला नियम पाहिला जातो. संकटाच्या रात्री पुण्यातला माणूस न्यू जर्सीत कोणाला हाक मारणार, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावं.

एकाच शहरात असाल तर पहिल्या एक-दोन भेटी समोरासमोर आणि मग ऑनलाइन, अशी तडजोड अनेक समुपदेशक मान्य करतात. तीन-चार भेटींनंतरही मन मोकळं होत नसेल, तर तसं सरळ सांगावं. अशा वेळी चांगला समुपदेशक स्वतःच दुसऱ्याचं नाव सुचवतो.